चार दिवस, दहा तास, एक्कावन्न मिनिटे

सप्टेंबर १९०९ मध्ये कुनार्ड कंपनीच्या ‘मॉरेटानिया’ या आगबोटीने आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनपासून न्यू यॉर्क बंदराच्या तोंडापर्यंतचे २,७८४ सागरी मैल ४ दिवस, १० तास आणि ५१ मिनिटांत कापले. सरासरी वेग २६.०६ नॉट, म्हणजे ताशी साधारण सव्वाअठ्ठेचाळीस किलोमीटर. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडण्याचा हा विक्रम पुढे जवळजवळ वीस वर्षे कोणाला मोडता आला नाही.

ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर हा आकडा आज कोणाला मोठा वाटणार नाही. पण धावणारी वस्तू कोणती होती ते बघा. २४० मीटर लांबीचे, तीन हजारांच्या आसपास माणसे पोटात घेणारे एक गावच ते. त्यात पियानो, लाकडी कोरीवकामाची दालने, स्वयंपाकघरे, टपालाची हजारो पोती. रडार नाही, समोरून वारा, अधूनमधून धुके, आणि साडेचार दिवसांत एकदाही विसावा नाही. एवढे सगळे असताना हिशेब ठेवला जातो तो मिनिटांत! या एक्कावन्न मिनिटांच्या मागे काय काय होते, ते पाहायला लागले की माणूस थक्क होतो.

आधीचा काळ थोडक्यात सांगतो. शिडाच्या जहाजांना युरोपातून अमेरिकेला जायला पाच-सहा आठवडे सहज लागत, कारण त्या अक्षांशांवर वारे पश्चिमेकडून वाहतात आणि गल्फ स्ट्रीमचा प्रवाहही उलट दिशेने येतो. उलटा प्रवास त्यामानाने सोपा. म्हणूनच पश्चिमेकडे जाण्याच्या विक्रमाला दर्यावर्दी लोक जास्त मान देत. एप्रिल १८३८ मध्ये ‘सिरियस’ आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ या दोन वाफेच्या बोटी पाठोपाठ न्यू यॉर्कला पोचल्या. पहिलीला कॉर्कहून १८ दिवस लागले, दुसरीला ब्रिस्टलहून १५. तिथून पुढे सत्तर वर्षांत हा काळ पंधरा दिवसांवरून पाचाच्या आत आला. दिवस कमी होत गेले, पण वाचलेला प्रत्येक तास आधीच्या तासापेक्षा महाग पडत गेला.

तो का महाग पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाणलेल्या माणसाला हे पायांनीच माहीत असते: थोडा वेग वाढवायला गेले की दम दुपटीने लागतो. पाण्यात तर ते फारच कडक लागू होते. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा तर इंजिन आठपट ताकदीचे हवे. एकवीस नॉटवरून सव्वीसवर जायचे, म्हणजे वेगात चौथा हिस्सा वाढवायचा, तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते. शिवाय जहाज आपल्या पुढे आणि बाजूंनी लाटा उठवत जाते आणि त्या लाटा उठवण्यातच इंजिनाची बरीच मेहनत खर्ची पडते. बोट जितकी लांब आणि निमुळती, तितका हा दंड कमी. म्हणून जलद बोटी लांबलचक बांधाव्या लागत, आणि बांधण्याआधी त्यांच्या लहान प्रतिकृती लांबट हौदांतून ओढून पाहाव्या लागत. ‘मॉरेटानिया’च्या जुळ्या बहिणीचा, ‘लुसिटानिया’चा आकार ठरवताना इंग्लंडच्या नौदलाच्या हॅस्लर येथील हौदात अशा चाचण्या झाल्या होत्या.

हा खर्च कोणत्याही कंपनीला एकट्याने पेलणारा नव्हता. १८९७ नंतर जर्मन बोटींनी अटलांटिकवर ताबा मिळवला होता. आधी ‘कायझर विल्हेल्म डेर ग्रोसे’, मग ‘डॉइचलांड’, मग ‘कायझर विल्हेल्म द्वितीय’. त्यातच १९०२ मध्ये जे. पी. मॉर्गन या अमेरिकी धनाढ्याच्या कंपनीने ‘व्हाइट स्टार’ ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. कुनार्डही हातची जाईल या धास्तीने ब्रिटिश सरकारने तिला २६ लाख पौंडांचे स्वस्त कर्ज दिले आणि वर्षाला दीड लाख पौंडांचे अनुदानही. अट एवढीच की दोन बोटी साडेचोवीस नॉटच्या सरासरीने चालल्या पाहिजेत आणि युद्ध आले तर त्या नौदलाच्या हाती दिल्या पाहिजेत. अशा रीतीने ‘लुसिटानिया’ क्लाइडच्या काठी आणि ‘मॉरेटानिया’ टाइनच्या काठी आकाराला आली. १९०७ च्या शरदात दोघी एकामागून एक सेवेत आल्या, आणि ऑक्टोबरात ‘लुसिटानिया’ने पश्चिमेची फेरी ४ दिवस १९ तास ५२ मिनिटांत करून जर्मनांकडे गेलेला मान परत आणला.

जर्मन बोटींची इंजिने पिस्टनची होती. एकेक पिस्टन माणसाहून कितीतरी मोठा, वर जायचा, थांबायचा, खाली यायचा, पुन्हा थांबायचा. प्रत्येक थांब्याला सगळे जहाज थरथरायचे. ‘डॉइचलांड’ वेगवान होती, पण तिच्या हादऱ्यांनी प्रवासी इतके हैराण झाले की शेवटी तिच्या मालकांनी तिचा वेग उतरवून तिला सहलींची बोट केले. या कोंडीतून वाट काढली ती चार्ल्स पार्सन्स यांच्या टर्बाइनने. यात वाफ पिस्टनला ढकलत नाही, ती लक्षावधी बारीक पात्यांमधून वाहत जाते आणि दांडा सरळ गोल फिरवते. मध्ये थांबणे नाही, दिशा बदलणे नाही. पार्सन्स यांनी १८९७ मध्ये स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांनिमित्त भरलेल्या नौदलाच्या भव्य संचलनात आपली ‘टर्बिनिया’ ही शंभर फुटी बोट घुसवली. ती ३४ नॉटपर्यंत पळू शके आणि नौदलाच्या कोणत्याही बोटीला सापडली नाही. दहाच वर्षांत तेच तंत्र ‘मॉरेटानिया’च्या पोटात बसले. १९०७ चे एक छायाचित्र आहे: टाइन नदीत ‘टर्बिनिया’ आणि ‘मॉरेटानिया’ शेजारी शेजारी. लहानगी बोट त्या काळ्या भिंतीसारख्या कुशीला लागून उभी आहे. यंत्रविद्येच्या इतिहासात मला यापेक्षा आवडणारे चित्र दुसरे नाही.

हादरे मात्र टर्बाइननेही पुरते गेले नाहीत. चार पंखे पाणी घुसळत, आणि पूर्ण वेगात बोटीचा मागचा भाग इतका थरथरे की चाचण्यांनंतर ‘लुसिटानिया’च्या दुसऱ्या वर्गाच्या खोल्या उचकटून आतून मजबूत कराव्या लागल्या.

आता तळाशी उतरू. कारण ती एक्कावन्न मिनिटे खरी तिथे मिळवली जात होती.

‘मॉरेटानिया’त २५ बॉयलर होते आणि त्यांच्या १९२ भट्ट्या. पूर्ण वेगात दिवसाला हजार टनांच्या आसपास कोळसा लागे. हा कोळसा यंत्राने भट्टीत पडत नव्हता. सुमारे दोनशे आगवाले आणि सव्वाशेच्या आत-बाहेर कोळसेवाले यांच्या हातांनी तो जात होता. म्हणजे प्रत्येक आगवाल्याच्या वाट्याला रोज पाच टन. कामाच्या चार-चार तासांच्या पाळ्या, मध्ये आठ तास सुट्टी. कोळसेवाले बोटीच्या कडेच्या कोठारांतून ढकलगाड्या भरून आणत आणि फावड्याच्या टप्प्यात ओतत. कोठारे एका बाजूने रिकामी झाली तर बोट कलते, म्हणून तोल सांभाळत कोळसा उपसणे हेही त्यांचेच काम. आगवाल्याने भट्टीचे दार उघडायचे, कोळसा फेकायचा, लांब सळीने निखाऱ्यांचा थर फोडायचा, चिकटलेली खंगर ओढून काढायची, आणि दार मिटायचे. हे सगळे बोट हलत असताना. बोटीचे नाक वर असताना एका बाजूचा कोळसा फेकला तर तो नेमका पडतो, खाली जात असताना फेकला तर वाटेतच सांडतो. लाटेचा ताल ओळखून फावडे चालवावे लागे.

दार जितका वेळ उघडे राहील तितकी थंड हवा आत शिरून वाफ पडणार. म्हणून समोरासमोरच्या भट्ट्यांची दारे एकाच वेळी उघडी राहता कामा नयेत. यासाठी त्या काळच्या मोठ्या बोटींवर, पुढे ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’वरही, किलरॉय नावाचे एक विजेचे यंत्र असे. ठरावीक वेळाने घंटा वाजायची आणि तबकडीवर आकडा उमटायचा: आता या क्रमांकाची भट्टी. घंटा किती वेळाने वाजायची ते इंजिनिअर ठरवत. वेग वाढवायचा हुकूम आला की दोन घंटांमधले अंतर कमी व्हायचे. वरच्या मजल्यावर, पाम ठेवलेल्या दालनात, कप्तानाच्या इच्छेतून जो वेग निघाला असे वाटे, तो खाली घंटेच्या रूपाने पोचत होता. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ.च्या बोटींवर भट्ट्यांपाशी हिंदी आगवाले असत आणि सलूनमध्ये गोवेकर. अटलांटिकवर हे काम बहुतांशी लिव्हरपूलचे लोक करत, आणि त्यांत आयरिश पुष्कळ. विक्रमाच्या बातम्यांत कप्तानाचे नाव छापून येई. या तीनशे-सव्वातीनशे माणसांचे येत नसे, आणि याची खंत मला आजही वाटते.

पश्चिमेकडे जाणाऱ्या या बोटीवर दिवस चोवीस तासांचा नसे, ही त्या प्रवासातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. क्वीन्सटाउन पश्चिम रेखांशावर ८ अंशांच्या जवळ, न्यू यॉर्क ७४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे ६६ अंशांना जवळजवळ साडेचार तास. ते साडेचार दिवसांत वाटायचे, तर रोज तासभर घड्याळ मागे घ्यावे लागणार. पश्चिमेकडे धावणाऱ्या प्रवाशाचा दिवस पंचवीस तासांचा आणि परतीचा दिवस तेवीस तासांचा. बोट मोजायची ती दुपारपासून दुपारपर्यंत, सूर्य डोक्यावर आला की बारा. त्यामुळे २६ नॉटनेच धावणारी बोट जाताना एका ‘दिवसात’ ६५० मैल कापे आणि येताना ६००ही पुरे होत नसत. वेग तोच, आकडा वेगळा! रोजच्या मैलांवर प्रवाशांमध्ये पैजा लागत, आणि ज्याला हे गणित ठाऊक नसे तो बिचारा परतीच्या प्रवासात हमखास हरे. आगवाल्यांनाही तो जादा तास चुकत नसे, तो पाळ्यांमध्ये वाटून दिला जाई. ‘टायटॅनिक’ बुडाली त्या रात्रीही घड्याळे पाऊण तासाच्या आसपास मागे घ्यायची होती.

मग ४ दिवस १० तास ५१ मिनिटे कुठून कुठपर्यंत मोजायची? प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर हा काळ अपुरा आहे. बोट लिव्हरपूलहून सुटे, क्वीन्सटाउनला नांगर टाकून थांबे, आणि विक्रमाची घटका तिथून पुढे सुरू होई. मधल्या काळात लंडनचे टपाल आगगाडीने होलीहेडला, तिथून बोटीने आयर्लंडला, पुन्हा आगगाडीने क्वीन्सटाउनला धावत येई. म्हणजे पत्र लिव्हरपूलच्या प्रवाशाच्या मागाहून निघून त्याला गाठत असे. छोट्या बोटीतून टपालाची पोती चढली की जहाज निघे. परतीला वेळ वाचवण्यासाठी ऑगस्ट १९०९ पासून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या फिशगार्डला प्रवासी आणि टपाल उतरवून खास गाडीने लंडनला नेऊ लागले. वेळेचे हे वेड किती पुढे गेले होते पाहा: १९१० च्या नाताळाला ‘मॉरेटानिया’ १० डिसेंबरला लिव्हरपूलहून निघाली, न्यू यॉर्कला जाऊन, कोळसा भरून, नाताळासाठी घरी निघालेल्यांना घेऊन २२ डिसेंबरला फिशगार्डला परतही आली. अटलांटिक दोनदा, बारा दिवसांत, ऐन हिवाळ्यात.

एवढ्या घाईचे कारण केवळ मान नव्हते. कंपनीला दर आठवड्याला एक बोट सोडायची असे. बोट जलद असेल तर जाणे, येणे, माल-कोळसा भरणे तीन आठवड्यांत बसते आणि तीन बोटींत आठवड्याची सेवा पुरी होते. ती संथ असेल तर चौथी बोट लागते, चौथा खलाशीसंच लागतो. दोन-तीन नॉटांनी एक अख्खे जहाज वाचत होते.

आणि तरीही शहाणपण दुसऱ्या वाटेने जाऊ शकत होते. ‘व्हाइट स्टार’ने जाणूनबुजून वेगाचा नाद सोडला. त्यांच्या ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’ या बोटी ‘मॉरेटानिया’च्या जवळजवळ दीडपट मोठ्या, पण एकवीस नॉटच्या आसपास चालण्यासाठी बांधलेल्या. परिणामी त्यांना कोळसा मात्र दिवसाला साडेसहाशे टनांच्या आतच पुरे. ‘टायटॅनिक’ विक्रमासाठी धावत होती, ही गोष्ट अजूनही लोक सांगतात. ती खरी असूच शकत नाही, कारण ‘मॉरेटानिया’पेक्षा चार-पाच नॉटांनी मागे असलेल्या बोटीला विक्रम कुठला! तिची चूक बर्फाच्या टापूत वेग कमी न करण्याची होती, आणि ती चूक त्या काळी सगळेच करत होते.

बंदरात पोचले तरी प्रवास संपला असे नव्हे. आरोग्य तपासणीसाठी बोट थांबे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सोपस्कार बोटीवरच उरकत. तिसऱ्या वर्गाला धक्क्यावरून पुन्हा छोट्या बोटींत बसवून एलिस बेटावर नेत. १९०७ या एका वर्षात त्या बेटावरून दहा लाखांवर माणसे अमेरिकेत शिरली, आणि १७ एप्रिलला एकाच दिवशी ११,७४७. गर्दीच्या दिवसांत बेटावर जागा होईपर्यंत लोकांना बोटीवरच थांबून राहावे लागे, कधी कधी दिवस-दिवस. समुद्रात तासन् तास वाचवायचे आणि काठावर येऊन ते घालवायचे, हे त्यांच्या नशिबी होते.

शिवाय विक्रमाच्या बोटीतून जाणारे थोडेच. बहुतेकांचा प्रवास चौदा-पंधरा नॉटच्या बोटींतून, आठ ते दहा दिवसांचा. आपल्याकडे या समुद्राचे मराठीतले जुने वर्णन पंडिता रमाबाईंचे. डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या हिवाळ्याच्या अखेरीस त्या लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षांनी अमेरिकेवरच्या पुस्तकात तो प्रवास त्यांनी मराठी वाचकांपुढे मांडला. जलद बोटींच्या ऐन बहरात, जुलै १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यू यॉर्कला उतरले. १९१६ मध्ये ते तिथून लंडनला निघाले तेव्हा याच समुद्रात पाणबुड्या फिरत होत्या.

त्या पाणबुड्यांपुढे वेग हेच एक संरक्षण होते. ७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’जवळ ते पुरते नव्हते. युद्धात प्रवासी घटले म्हणून कोळसा आणि माणसे वाचवायला कंपनीने चारांपैकी एक बॉयलरघर बंद ठेवले होते, आणि पंचवीस नॉटची बोट फार तर एकवीसनेच जाऊ शकत होती. प्रत्यक्षात त्या दुपारी ती त्याहूनही हळू चालली होती. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉर्पेडो लागला आणि अठरा मिनिटांत ती बुडाली. जवळजवळ बाराशे माणसे गेली.

युद्धानंतर कोळसा हटून तेल आले. ‘ऑलिंपिक’वर तेलाची सोय झाल्यावर भट्ट्यांवरची माणसे साडेतीनशेवरून साठवर आली, आणि कित्येक दिवस चालणारे इंधन भरण्याचे काम पाच-सहा तासांत होऊ लागले. ‘मॉरेटानिया’वरही तेल आले. फावडे आणि घंटा गेली, तरी विक्रम अजून तिच्याकडेच होता.

जुलै १९२९ मध्ये ‘ब्रेमेन’ ही नवी जर्मन बोट पहिल्याच फेरीत २७.८३ नॉटने आली आणि तिने तो मोडला. तिला लागलेला काळ ४ दिवस १७ तास ४२ मिनिटे, म्हणजे ‘मॉरेटानिया’पेक्षा जास्तच, कारण तिची मोजणी फ्रान्सच्या शेरबूरपासून, पावणेचारशेहून अधिक मैल लांबच्या अंतराची होती. म्हणूनच अटलांटिकवरचा मान दिवसांवर नव्हे, सरासरी वेगावर ठरत असे. आणि त्याच फेरीत न्यू यॉर्क जवळ आल्यावर ‘ब्रेमेन’ने आपल्या दोन धुराड्यांच्या मधल्या गलोलीसारख्या फेकयंत्रावरून एक छोटे सागरी विमान उडवले. विमानात टपालाची पोती होती, आणि जगातल्या सर्वांत जलद बोटीच्या आधी ती न्यू यॉर्कला पोचली.